जुनं स्पीडमास्टर देऊन नवं घ्यावं का?

काटेकोर | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी, महिनाभर डोक्यात भुंगा आहे, म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे ओमेगाचं स्पीडमास्टर प्रोफेशनल आहे. चावीचं. २००६ साली कंपनीने पहिल्यांदा सिंगापूरला पाठवलं तेव्हा तिथल्या एका जुन्या घड्याळांच्या दुकानातून घेतलं होतं. डबा नाही, कागद नाहीत. दुकानदार म्हणाला, "तीन-चार वर्षं वापरलेलं आहे, आत १८६१ मशीन." मी मान डोलावली. तेव्हा तेवढंच कळत होतं.

आता नवं आलंय, म्हणजे २०२१ पासूनचं, आत ३८६१ मशीन असलेलं. मागच्या आठवड्यात सहज म्हणून शोरूममध्ये गेलो आणि फसलो. त्याचा ब्रेसलेट हातात घेतल्यावर माझा तो ब्रेसलेट आहे की खुळखुळा, असं वाटायला लागलं. नवा घड्याळाच्या चौकटीजवळ २० मिमी आहे आणि बकलपाशी १५ पर्यंत निमुळता होत जातो, कड्या बारीक, मनगटावर पाण्यासारखा बसतो. माझा मनगटावरचे केस उपटतो.

बाकी तक्रारी अशा. गेले दोन-तीन महिने माझं घड्याळ दिवसाला दीड मिनिट पुढे पळतंय. चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवता येत नाही (नव्यात थांबतो). अंधारात काही दिसत नाही. आणि काच प्लास्टिकची, तिच्यावर चरे.

दुकानदार जुनं ठेवून घ्यायला तयार आहे. तो त्याचे पावणेतीन लाख धरतो, वर मला चार लाखांच्या आसपास भरावे लागतील. पैसे आहेत. मुलीची फी भरून झालीय. पण हात धजावत नाही. तुम्ही काय कराल?

पार्ल्याची मावशी | ८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

चार लाखांचं सोनं घ्या आणि भिंतीवर दहा रुपयांचं कॅलेंडर लावा. वेळ काय, कुकरच्या शिट्ट्यांवरही कळते.

मोबाइलवर_बघतो | ८ नोव्हेंबर, रात्री ११:०३

चार लाख! आणि तेही रोज चावी द्यायची? माझा फोन नेटवर्ककडून वेळ घेतो, फुकट. हे असले धागे आले की लोकांकडे किती पैसा आहे ते कळतं. चालू द्या.

लंबक | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:५५

वर दोन प्रतिसाद अपेक्षेप्रमाणे आलेले आहेत. आता कामाचं बोलू.

काटेकोर, दिवसाला दीड मिनिट पुढे पळणं हे मशीन जुनं झाल्याचं लक्षण असेलच असं नाही. तेल सुकलं तर बहुतेकदा काट्याची चाल मंदावते, गडबडते. अचानक पुढे पळायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावतं. अलीकडे नवीन काय घेतलंत? टॅबलेटचं चुंबकवालं कव्हर? रात्री घड्याळ कशावर ठेवता?

साधी परीक्षा सांगतो. ट्रेकला नेतो ते होकायंत्र घ्या, टेबलावर ठेवा, घड्याळ हळूहळू जवळ न्या. सुई हलली तर समजा. ते उतरवायचं यंत्र हजाराच्या आत मिळतं आणि काम पाच सेकंदांचं असतं. त्यासाठी चार लाख मोजू नका.

काटेकोर | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

लंबकराव, सुई हलली. चांगली वीसेक अंश. रात्री मी घड्याळ ब्लूटूथ स्पीकरवर ठेवतो. स्पीकर ऑगस्टमध्ये घेतला. आता स्वतःचीच कीव येतेय.

बीलकर | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:३१

मी स्वित्झर्लंडात बील गावी राहतो, ओमेगाचं मुख्यालय इथलंच. (तिथे नोकरीला नाही, ट्रेन रोज तिथून जाते एवढंच नातं. संग्रहालय मात्र दोनदा पाहिलंय.) नव्या मशीनची बाजू कुणी तरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

३८६१ मध्ये हेअरस्प्रिंग सिलिकॉनची आहे, तिला चुंबकाशी देणंघेणं नाही. सेकंदकाटा थांबतो. एस्केपमेंट, म्हणजे चाकं ठोक्याठोक्याने सोडणारा भाग, को-अ‍ॅक्सियल पद्धतीचा आहे. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराची ती कल्पना, ओमेगाने १९९९ मध्ये आपल्या घड्याळात पहिल्यांदा आणली. यात घर्षण कमी. शिवाय प्रत्येक घड्याळ स्विस सरकारच्या मापनसंस्थेच्या, मेटासच्या, कसोट्यांतून जातं. १५,००० गॉसचं चुंबकीय क्षेत्र सोसायचं आणि चाल दिवसाला शून्य ते अधिक पाच सेकंद, मागे पडणं मंजूर नाही. तुमच्या स्पीकरने त्याचं काही बिघडलं नसतं.

दिसायलाही ते जास्त 'जुनं' आहे, ही गंमत. डायल कडेला पायरीसारखी उतरते, बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) ९० चा ठिपका आकड्याच्या शेजारी नसून वर आहे. साठच्या दशकातल्या १०५.०१२ या मॉडेलची ही लकब त्यांनी मुद्दाम परत आणली.

तेव्हा फरक नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

रांगडा_कोल्हापूर | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

चंद्रावर गेलेलं मशीन जुन्यातच हाय न्हवं? मग इकू नगा राव! चंद्रावर गेलेली वस्तू घरात असली म्हंजे कसं...

लंबक | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

नाही हो. चंद्रावर उतरलेल्या स्पीडमास्टरमध्ये ३२१ मशीन होतं. ते १९६८ च्या सुमारास बंद करून ८६१ आणलं, नंतर १९९७ च्या आसपास त्याचंच १८६१ झालं. नासाने १ मार्च १९६५ रोजी पसंती दिली ती ३२१ वाल्याला. आणि जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण आतलं इलेक्ट्रॉनिक घड्याळ बंद पडलं होतं. बाहेर ते मिरवलं ऑल्ड्रिनने. तेही पुढे संग्रहालयाकडे पाठवताना हरवलं.

म्हणजे काटेकोरांच्या हातात आहे ते चंद्रावरच्याचं पुतण्याचं नातं. शोरूममधलं नातवाचं. काका-पुतण्याच्या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत.

रांगडा_कोल्हापूर | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०२

काका-पुतण्या 😂 बास, धाग्याचं सार्थक झालं.

संपादक मंडळ | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

राजकीय वळण नको. अवांतर आवरा.

खोल_पाणी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी हे केलंय, म्हणून लांबलचक लिहितो.

माझं रोलेक्स सबमरिनर होतं, १६६१०. १९९९ चं, दुबईला असताना घेतलेलं. बेझल अ‍ॅल्युमिनियमचा, उन्हाने काळ्याचा राखाडी झाला होता. २०२१ मध्ये ओळखीने नवं, १२६६१०, मिळालं आणि मी जुनं देऊन टाकलं. कागदावर सगळंच सरस. ४८ तासांच्या जागी ७० तास चालतं. बेझल सिरॅमिकचा, चरा म्हणून पडत नाही. आणि बकल! पट्टा मनगटावरच दोन-दोन मिमी सैल-घट्ट करता येतो. मे महिन्यात हात सुजतो तेव्हा त्या बकलला मी रोज दुवा देतो. हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल मी नुसता रडतोय.

रडतोय ते यासाठी, की नवं मी लोकलमध्ये घालत नाही. कुणाच्या लग्नात घातलं तर टेबलाची कड जपत बसतो. जुनं घालून मी गाडीचं चाक बदललंय, मालवणला पाण्यात उतरलोय. ते बावीस वर्षं वापरून माझं झालं होतं. नव्याचा मी राखणदार आहे. जुनं आता बाजारात मी विकलं त्याच्या बऱ्याच वर मिळतं. एकदा एका विक्रेत्याच्या फोटोत अगदी तसाच राखाडी बेझल दिसला तर मी झूम करून सहाच्या खालचा माझा ओरखडा शोधत होतो. माझं नव्हतं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट: २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) घेतो. विवरणपत्रात तो वळता होतो, पण पॅन द्यावा लागतो. तुमचं दहाच्या आत आहे, सुटलात.

बीलकर | १० नोव्हेंबर, दुपारी १२:०५

व्यवहाराचं निघालंच आहे तर: भारत आणि एफ्टा देशांचा (स्वित्झर्लंड धरून युरोपातल्या चार देशांचा गट) व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. एका रात्रीत नाही. पण घाईने आजच घेण्याचं कारण त्यात नक्की नाही. अर्थात फ्रँक चढत राहिला तर कंपनी किंमत वाढवून हिशेब बरोबर करणारच, तेव्हा स्वस्ताईच्या आशेवरही बसू नका.

शेवटची_बस | १० नोव्हेंबर, दुपारी १:४४

नमस्कार, मी बहुतेक वाचनमात्र असते. पण एक प्रश्न. काटेकोर, तुमच्या डायलवर अगदी खाली, सहाच्या ठोकळ्याखाली, काय लिहिलंय? नुसतं 'स्विस मेड' की त्याच्या दोन्ही बाजूंना 'टी' अक्षर आहे? भिंग लागेल.

काटेकोर | १० नोव्हेंबर, रात्री ८:३०

आईचं शिवणकामाचं भिंग घेऊन पाहिलं. दोन्ही बाजूंना टी आहे! एकोणीस वर्षं हातात घालतोय, कधी दिसलं नाही. काय अर्थ?

शेवटची_बस | १० नोव्हेंबर, रात्री ९:०८

टी म्हणजे ट्रिटियम. काट्यांवर आणि खुणांवर चमकणारा जो लेप असतो तो पूर्वी ट्रिटियमचा असायचा. स्पीडमास्टरवर १९९७-९८ च्या सुमारास तो गेला आणि उजेडात ठेवून चमकणारा लेप आला, तेव्हा ते टी सुद्धा गेले. म्हणजे तुमचं घड्याळ २००६ मध्ये 'तीन-चार वर्षांचं' असणं शक्य नाही. निदान आठ-नऊ वर्षांचं तरी होतं.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. तीस वर्षांनी मूळच्या पाचव्या हिश्श्याहून कमी उरतं. अंधारात दिसत नाही ही तुमची तक्रार आहे, तो खरं तर त्याचा जन्मदाखला आहे. दिवसा पाहा, खुणा पांढऱ्या आहेत की सायीच्या रंगाच्या?

काटेकोर | १० नोव्हेंबर, रात्री ९:१५

सायीच्या. मी मळ समजत होतो. एकदा एकाला विचारलंही होतं, साफ होईल का म्हणून.

लंबक | १० नोव्हेंबर, रात्री ९:२२

हाताला धरून बाजूला बसवा या माणसाला! 🙏

शेवटची_बस, सलाम. आता काटेकोर, नीट ऐका. लेप ट्रिटियमचा म्हणजे आतलं मशीन १८६१ नसून ८६१ असण्याचीही शक्यता आहे. त्या सुमाराची सरमिसळ सापडते, म्हणून मागचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय कुणी शपथ घेऊ नये. मशीन रुपेरी दिसलं तर १८६१, सोनेरी दिसलं तर ८६१. चालीत मोठा फरक नाही, दोन्ही तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. पण बाजारात फरक पडतो. ते पावणेतीन लाख कशाच्या जोरावर सांगितले होते? त्याने झाकण उघडलं होतं?

काटेकोर | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

कुठलं उघडतोय. हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, फोनवर काहीतरी पाहिलं आणि आकडा सांगितला.

मोबाइलवर_बघतो | १० नोव्हेंबर, रात्री १०:१९

मी कबूल करतो की धागा वाचतोय. पण एक सांगा, यात घड्याळ तेच राहिलं ना? काल पावणेतीन लाखांचं होतं, आज एका अक्षरामुळे जास्त? हे वेळ बघण्याचं यंत्र आहे की टपाल तिकीट?

खोल_पाणी | १० नोव्हेंबर, रात्री १०:३५

टपाल तिकीटच. बरोबर ओळखलंत.

शेवटची_बस | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:००

काटेकोर, उघडायला द्याल तेव्हा एक काळजी घ्या. चिठ्ठीवर लेखी लिहून द्या: डायल आणि काटे बदलायचे नाहीत, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या चौकटीला, पॉलिश करायचं नाही. सर्व्हिस करणाऱ्याच्या दृष्टीने न चमकणारा काटा म्हणजे खराब काटा, तो इमानेइतबारे नवा बसवतो आणि जुना मोडीत टाकतो. पॉलिशने केसच्या कडा गोल होतात, पट्टा अडकतो त्या कानांचा पीळ जातो. गेलेली धातू परत येत नाही. माझ्या काकांच्या घड्याळाचं असंच झालं. ते लखलखतं परत आलं आणि काका खूश होऊन सगळ्यांना दाखवत होते. मी तेव्हा काही बोलले नाही.

काचेचं मात्र रडू नका. ती अ‍ॅक्रिलिक आहे म्हणून चरे घालवता येतात. त्याची पेस्ट मिळते, मऊ फडक्याने पाच-दहा मिनिटं गोल गोल घासा. नीलमणी (सफायर) काचेवर सहसा चरा पडत नाही, पण फुटली की तुकडे आत मशीनमध्ये जातात.

पार्ल्याची मावशी | ११ नोव्हेंबर, दुपारी २:२०

टूथपेस्टनेही जातात चरे. आमच्या ह्यांच्या एचएमटीवर मीच घासायचे. एचएमटी म्हणजे सिटिझन कंपनीचं जपानी तंत्र, १९६१ पासून बंगळुरात. ह्यांच्याकडे 'जनता' होतं, चावीचं. सकाळी रेडिओवर बातम्या लागायच्या आधी चावी, मग चहा. चार लाखांचं जे सुख सांगताय ना, ते तेव्हा दोन-तीनशे रुपयांत मिळत होतं. २०१६ मध्ये कारखानाच बंद केला.

काटेकोर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मंडळी, उघडलं.

बुधवार पेठेत एक घड्याळजी आहेत, सत्तरी पार. लंबकरावांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पत्ता दिला होता. पाटी नाही, जिन्याखाली दीड माणसाची जागा. मला म्हणाले, उभं राहायचं असेल तर उजेड सोडून राहा. झाकण फिरवून काढलं, आत आणखी एक पातळ झाकणी, ती उचलली आणि त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून मला दिलं.

सोनेरी. क्रोनोग्राफचे (स्टॉपवॉचच्या भागाचे) दांडे, चाकं, सगळं पिवळसर, देव्हाऱ्यातल्या घंटेसारखं. ब्रिजवर, म्हणजे मशीनच्या वरच्या पट्टीवर, ८६१ कोरलेलं. मशीनचा नंबर ४८ ने सुरू होतो, म्हणजे नव्वदीच्या दशकातलं. बटण दाबल्यावर एक बारीक दांडा पुढे येऊन चाकाला भिडतो आणि सेकंदाची सुई निघते, हे मी एकोणीस वर्षं बाहेरून दाबत होतो आणि आत काय होतं ते पहिल्यांदा पाहिलं. नको तेवढ्या वेळा दाबायला लावलं त्यांना. शेवटी म्हणाले, "पुरे. तेल नाही आत."

तेल खरंच नव्हतं. मी एकदाच, २०१३ च्या आसपास, सर्व्हिस केली होती. वॉशर कडक झालेत. ते म्हणाले पावसात घालू नका, कंपनी ५० मीटर वगैरे म्हणते ते विसरा.

मी विचारलं, नवं घेऊ का? ते म्हणाले, "घ्या. पण ते बिघडल्यावर माझ्याकडे आणू नका." या मशीनचं मूळ लेमानिया या स्विस मशीन-कंपनीचं, उघडून-जोडून हाताला सवय झालेली. को-अ‍ॅक्सियलचे पार्ट बाहेर मिळत नाहीत आणि त्याचं तेल कुठे किती घालायचं ते शिकायचं त्यांचं वय नाही. हे त्यांनी कुरकुरत नाही, पोस्टाच्या वेळा सांगाव्या तसं सांगितलं.

घड्याळ ठेवून आलोय. चिठ्ठीवर डायल, काटे, पॉलिश तिन्ही लिहिलं. त्यांनी वाचून विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

बीलकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

त्यांचा मुद्दा मान्य. पण दुसरी बाजूही सांगतो. नव्याला पाच वर्षांची हमी आहे. आणि असे घड्याळजी आणखी किती वर्षं? त्यांच्यानंतर तुमचं ८६१ पुण्यात कोण उघडणार?

लंबक | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४४

प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

काटेकोर | ६ डिसेंबर, सकाळी १०:०५

मिळालं घड्याळ. आज सहावा दिवस, रोज रात्री आकाशवाणीच्या टोल्यांशी ताडतोय. दिवसाला सहा सेकंद पुढे. स्पीकरवरून उचलून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जागा दिलीय.

खुळखुळा काढला, करड्या नायलॉनचा पट्टा लावला, साडेचारशे रुपये. माझी निम्मी तक्रार त्या ब्रेसलेटबद्दलच होती हे आता कळतंय. नव्याचा ब्रेसलेट अजून आठवतो, खोटं कशाला बोलू. काल शोरूममधून फोन आला होता. म्हणाले, एक्स्चेंजचा आकडा थोडा वाढवून देतो. मी विचारलं, आत कोणतं मशीन आहे ते बघून की न बघता? त्यांनी विचारून सांगतो म्हटलं.

पुढेमागे नवं घेतलं तर वेगळे पैसे साठवून घेईन. हे देऊन नाही.

खोल_पाणी | ६ डिसेंबर, सकाळी १०:३०

🙏 मी चार वर्षं उशिरा वाचतोय हा धागा.

मोबाइलवर_बघतो | ६ डिसेंबर, रात्री ११:५०

काटेकोर, त्या बुधवार पेठेतल्या काकांचा पत्ता मलाही व्यनि करा. वडिलांची एचएमटी आहे कपाटात. चावी फिरते पण चालत नाही.

काटेकोर | ७ डिसेंबर, सकाळी ७:२०

केलाय व्यनि. दुपारी एक ते चार बंद असतं.